तीन तारीख आणि सीटचं कव्हर

अंबाजोगाईत बसस्टँडाजवळच्या आमच्या कट्ट्यावर कुठलाही विषय काढा, शेवटी गोपीनाथ मुंडेंच्या परळीला जाऊन थांबतो. परवा तर 3 तारीखच होती. बप्पाला निमित्त शोधावं लागलं नाही.

“बघ गड्या,” तो बोटं मोजत म्हणाला, “प्रमोद महाजन गेले 3 मे 2006 ला. प्रवीण, 3 मार्च 2010. मुंडेसाहेब, 3 जून 2014. दोन सख्खे भाऊ अन् त्यांचा मेव्हणा. ह्याला शाप नाही तर काय म्हणायचं?”

चहावाल्या मामांनी मान डोलावली. त्यांची मान कोणाच्याही बोलण्यावर डोलते, ते सोडा.

“प्रमोदजींना गोळ्या लागल्या 22 एप्रिलला,” सर म्हणाले. सर निवृत्त झाले, पण फळा सुटलेला नाही. “पुढं अकरा दिवस दवाखान्यात झुंजले. शापाला 3 तारीखच पाहिजे होती तर 22 ला कामून सुरुवात केली? अन् विलासराव गेले 14 ऑगस्ट 2012 ला, विनायक मेटे 14 ऑगस्ट 2022 ला. नातं ना गोतं. तिथं कोणाचा शाप लावायलास?”

“तारखेचं जाऊ द्या सर. प्रवीणनं घरात जाऊन सख्ख्या भावाला गोळ्या घातल्या. ही यादवी नाही का?”

इथं सर खुलले. बप्पा आपल्या पायानं त्यांच्या तासाला येऊन बसला होता.

“यादवी म्हणालास ना? मग ऐक. गांधारीनं कृष्णाला शाप दिला तो कारण सांगून दिला. तुला युद्ध थांबवता येत होतं, तू थांबवलं नाहीस. वर मुदत दिली, 36 वर्षं. आपल्याकडं शापाला देणारा असतो, कारण असतं, बहुतेक वेळा उःशापबी असतो. तुझा शाप कोणी दिला?”

“ते आतलं असतंय,” बप्पा म्हणाला.

मी मधे केनेडींचं काढलं. 1963 ला जॉन, 1968 ला रॉबर्ट, दोघं गोळीनं. 1999 ला जॉनचा मुलगा स्वतः चालवत असलेल्या विमानासकट समुद्रात. तिकडंही शापच म्हणतात. पण बप्पाला अमेरिकेत रस नव्हता.

खरं सांगतो, सरांचं पटत असूनही मी पूर्ण त्यांच्या बाजूला नव्हतो. 4 जून 2014 ला मी परळीत होतो. पाय ठेवायला जागा नव्हती. पंकजाताईंनी अग्नी दिला तेव्हा शेजारची एक म्हातारी एवढंच म्हणाली, “दृष्ट लागली गं माय.” त्या क्षणाला मलाही तेच खरं वाटलं. 26 मे ला माणूस केंद्रात मंत्री झाला, आठवड्यानं सत्काराला जिल्ह्यात यायला निघाला, अन् दिल्लीच्या चौकात दुसऱ्या गाडीची धडक बसून संपला? एवढ्या मोठ्या माणसाला एवढंसं कारण पुरत नव्हतं. म्हणून तर सीबीआय चौकशी मागितली लोकांनी. तीतूनही अपघातच निघाला.

बाळू इतका वेळ गप्प होता. तो लातूरला भाड्यानं गाडी मारतो.

“साहेब मागच्या सीटवर होते. पट्टा नव्हता लावलेला. ते तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन, ते स्वतः डॉक्टर, ते बोलले होते ना, पट्टा असता तर वाचले असते म्हणून.”

कट्टा उलीसा गार पडला. मग बप्पाच म्हणाला, “तू बोलायलास. तुझ्या गाडीत हाय का मागं पट्टा?”

“हाय की.”

“दाखव.”

गाडी समोरच उभी होती. आम्ही पाचही जण गेलो, मामा भट्टी बारीक करून. बाळूनं मागचं दार उघडलं, सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. शेंगांची टरफलं निघाली, एक रुपया निघाला, कोणाची तरी केसांची पिन निघाली. पट्ट्याचं लॉक हाताला लागत होतं, पण लाल रेग्झिनच्या कव्हराखाली पार शिवून बंद झालेलं.

“कव्हर कापावं लागंल,” बाळू म्हणाला. “दिवाळीतच टाकलंय. साडेचार हजाराचं हाय.”

मामांनी मान डोलावली.