‘दोन मिनिटांचं काम, पाचशे रुपये’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

दादा, नमस्कार. एक तारा देऊन आपण तीन तक्रारी लिहिल्यात. लग्नाच्या फोटोंच्या तारखा दुरुस्त करताना काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायचे पाचशे रुपये घेतले, व्हॉट्सॲपवरच्या फोटोंच्या तारखा तरीही चुकीच्याच राहिल्या, आणि एका पीडीएफला हवी ती तारीख घालून दिली नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीकर बॅकअप घ्यायला लागले, पण कॉपी करताना तारखांकडे कुणी बघत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लग्नाचे फोटो आमच्याकडे आले तेव्हाच सगळ्यांवर एकच तारीख होती. घरी लिनक्स लॅपटॉपवर साध्या ‘सीपी’ या कॉपीच्या कमांडने कॉपी केलं की नव्या फाइलवर कॉपी केल्याची वेळ पडते. तिला ‘मायनस पी’ हा पर्याय लावला असता तर जुनी वेळ टिकली असती. जुनी डिस्क हाताशी असती, तर फाइलची वेळ बदलणाऱ्या ‘टच’ कमांडचा ‘टच मायनस आर’ हा प्रकार वापरून मूळ फाइलची वेळ नव्या फाइलवर उतरवली असती आणि चहावर भागलं असतं. पण ती डिस्क तोवर फॉरमॅट झाली होती.

मग उरली फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली एक्झिफ तारीख. ती वाचून प्रत्येक फाइलला तिची तिची वेळ देणारी ‘एक्झिफटूल’ या प्रोग्रॅमची ओळ एकच, हे खरं. पण नमुने न बघता ती चालवली असती, तर मिरजेच्या कार्यालयात अक्षता सकाळी ७:०५ ला पडल्या असत्या! मुहूर्त होता १२:३५ चा. फरक बरोबर साडेपाच तासांचा, म्हणजे दुसऱ्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर राहिलेलं. मॉडेलच्या नावावरून त्या कॅमेऱ्याचे फोटो वेगळे काढले, तेवढ्यांची वेळ पुढे सरकवली, मग ती ओळ टाइप केली. आपण पाहिलीत ती शेवटची दोन मिनिटं.

व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना आतली तारीख काढून टाकतं. फाइलच्या नावात तारखेचे आकडे असतात, पण ते फोटो फोनवर आला त्या दिवसाचे. मावशींनी आठवड्याने पाठवलेला हळदीचा फोटो त्या हिशेबाने लग्नानंतरचा ठरतो. अंदाजाने तारीख ठोकणार नाही, हे काम घेतानाच सांगितलं होतं.

आपली पीडीएफ कशाची होती, त्या तपशिलात इथे जात नाही. ‘टच मायनस डी’ला १९९५ सालातली तारीख सांगा, बिनतक्रार घालेल. मात्र त्याने बदलतात दोनच वेळा: मजकूर बदलल्याची एमटाइम आणि फाइल वाचल्याची एटाइम. तिसरी सीटाइम, म्हणजे फाइलच्या नोंदी बदलल्याची वेळ, कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः लिहितं, आणि तिथे ‘टच’ चालवल्याचा क्षण नोंदला जातो. त्याच मशीनवर ‘स्टॅट’ ही कमांड दिली की तिन्ही वेळा एकाखाली एक दिसतात. शिवाय पीडीएफच्या आत सहसा तयार केल्याची तारीख असतेच. आणि समजा यातलं काहीच कुणाला दिसणार नसतं, तरी तसलं काम आम्ही घेत नाही. दुसरं दुकान घेत असेल तर त्यांचं त्यांना माहीत.

व्हॉट्सॲपवाल्या फोटोंचं मात्र अजून जमेल. ज्यांनी पाठवले त्यांच्या फोनवर मूळ फोटो असतील तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, आतली तारीख शाबूत येते. पेन ड्राइव्हवर घेऊन या, तेवढ्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत.