मिठाने रंग पक्का होत नाही

सध्या एक कृती सगळीकडे फिरते आहे: कुठलंही रंगीत फूल, फळ किंवा पान उकळा, त्यात मीठ आणि व्हिनेगर घाला, सुती कापड बुडवा. रंग पक्का, रसायन शून्य, शरीराला आणि पाण्याला काहीच अपाय नाही. मला वनस्पतींचे रंग मनापासून आवडतात, म्हणूनच हे वाचून जीव वरखाली होतो.

आधी मीठ-व्हिनेगर. सुती कापडावर कारखान्यातले काही रंग चढवताना मीठ लागतं, लोकरीवरच्या काही रंगांना आम्ल लागतं. बहुधा तिथूनच हा सल्ला उचलला गेला असावा. जास्वंदीच्या पाण्यात व्हिनेगर पडलं की ते लालभडक होतं आणि माणूस फसतो. ती फक्त आम्लाची करामत असते, धाग्याने काहीच धरलेलं नसतं. साबणाचा हात लागला की तोच लाल निळसर-करडा होऊन बसतो.

रंग धरून ठेवतात ते धातूचे क्षार. मुख्य म्हणजे तुरटी: तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम धागा आणि रंग यांना एकत्र बांधतं. सुताची आणि तुरटीची मात्र फारशी मैत्री नाही. म्हणून कापडाची खळ काढून ते आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, धाग्याला चिकटतं, आणि टॅनिनला तुरटी. ही पायरी गाळली तर पुढची मेहनत वाया.

'कुठलंही फूल' हे तर साफ चूक. भडक दिसणारं बहुतेक कच्चंच निघतं. बीट धुण्यातच जातं. हळद तुरटीशिवायही सुतावर सहज चढते, पण उन्हात लवकर विटते. उलट मंजिष्ठेचं मूळ बघा, हातात घेतलं तर काडीकचरा वाटेल, पण रंग पक्का देतं. मोहेंजोदडोला सापडलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावर मंजिष्ठेच्या जातीचाच रंग असल्याचं मानतात. डाळिंबाची सालही तशीच, दिसायला निस्तेज आणि कामाला चोख.

नीळ, म्हणजे झाडापासून मिळणारा निळा रंग (इंडिगो), सगळ्यांहून वेगळी. ती पाण्यात विरघळतच नाही. आंबवून तिच्यातला ऑक्सिजनचा प्रभाव काढावा लागतो, तेव्हा माठातलं पाणी पिवळट-हिरवं होतं. कापड बाहेर काढलं की हवेत डोळ्यांदेखत निळं होतं. तिला तुरटी लागत नाही, मीठही नाही.

'रसायन शून्य' हे कशाच्या जोरावर म्हणतात? तुरटी हे रसायन आहे, काळा रंग देणारा हिराकस (लोखंडाचा क्षार) हेही. हिराकस जास्त झाला तर कापड कुजल्यासारखं विरतं. काही जण मोरचूद (तांब्याचा क्षार) किंवा पोटॅशियम डायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) वापरूनही 'नैसर्गिक' म्हणतात. त्यातलं डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. तुरटीने भागतं, मग ते कशाला? आणि 1897 पासून बाजारात आलेली कारखान्यातली नीळ रेणूच्या पातळीवर झाडातल्या निळीसारखीच आहे. फरक आहे तो ती कशी बनवली आणि माठात काय ओतलं यात.

पाण्याचं म्हणाल, तर खळ काढणं, हिरडा, तुरटी, रंग आणि मधली प्रत्येक धुलाई मोजा. बादल्या कमी पडतात.

कृती खरी की खोटी हे घरीच कळतं. रंगवलेल्या कापडाचे दोन तुकडे घ्या. एकाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून आठवडाभर उन्हात ठेवा, दुसरा साबणाने पाच वेळा धुवा.