खडूचं अनधिकृत बांधकाम

पावती समोर आहे. रक्कम रुपये ५००, आणि कारणाच्या रकान्यात आमच्या सेक्रेटरींनी निळ्या शाईत लिहिलंय: 'पार्किंगमध्ये विनापरवाना बांधकाम (खडूचे)'. कंसातलं 'खडूचे' मी हट्टाने घालून घेतलं. नाहीतर उद्या फ्लॅट विकायला काढला, तर गिऱ्हाईक विचारायचं, काय बांधलं होतं हो?

बांधलं होतं जहाज. पूर्ण नाही, त्यातली एक खोली.

माझ्या साडूने मुंबई-गोवा-मुंबई क्रूझचं बुकिंग केलं. केलं ते केलं, वर बाल्कनीवालं केलं. साडूने बाल्कनी घेतल्याची बातमी संध्याकाळी सातला ज्या घरात येते, तिथे साडेआठच्या जेवणाला काय हवा असते हे विवाहितांना सांगायला नको. "आपल्याला काही बाल्कनीच हवी असं नाही," ही म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात या वाक्याचा अर्थ मला पाठ झालाय. पण बाल्कनीचा दर ऐकून मी खिडकीवर आलो आणि खिडकीचा ऐकून आतल्या खोलीवर. आतली खोली म्हणजे ना खिडकी ना झरोका; दिवा मालवला की भर दुपारी अमावस्या. तिलाही ते लोक 'स्टेटरूम' म्हणतात. स्टेट म्हणजे संस्थान ना? आमच्या संस्थानाला उजेड नव्हता, एवढंच.

बरं, संस्थान केवढं? मी बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस, मोजल्याशिवाय हातात काही घेत नाही. ट्रॅव्हलवाल्यांना फोन लावला.

"सर, केबिनमध्ये कोण बसतं? नुसतं झोपायला जायचं!"

"बरोबर आहे. पण किती चौरस फूट?"

"कम्फर्टेबल आहे, सर."

"लांबी-रुंदी?"

"दोघं आरामात राहतात, सर."

आता 'आरामात' हे माप मुंबईत कुठल्या टेपवर असतं ते मला दाखवा. या शहराने आम्हाला कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप असे तीन घास एकाच ताटातून भरवलेत. जिना आमचा, लिफ्टची लॉबी आमची, गच्चीवरच्या टाकीची सावलीसुद्धा आमच्या स्क्वेअर फुटांत धरलेली. शेवटी २०१७ पासून रेराने, म्हणजे घरबांधणीच्या कायद्याने, करारात कार्पेट एरिया लिहायला लावला तेव्हा कुठे कळलं, आपण राहतो केवढ्यात. जहाजाला रेरा नाही. बाल्कनीच्या खोलीचा आकडा सांगतात त्यात बऱ्याचदा बाल्कनीही मोजलेली असते. साडूला हे मी मुद्दाम फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "असेल. पण समुद्र दिसतो ना."

मग तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. सकाळी चहा, मग डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचे नकाशे. आतली खोली बहुतेक मोठ्या जहाजांवर साधारण १४० ते १८५ चौरस फुटांत बसवतात हे कळलं. नकाशात जे कोरे पांढरे चौकोन दिसतात ते रिकामे नसतात, तिथे नोकरवर्गाची कोठारं, सामानाच्या लिफ्टा असल्या आवाजी गोष्टी असू शकतात. पोहण्याच्या तलावाखालची खोली घेऊ नये, पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढतात. (आमच्या वरच्या ६०४ मध्ये सकाळी सहाला आलं कुटतात. समुद्रावर जाऊनही तेच ऐकायचं असेल तर पैसे कशाला घालवा?) काही खोल्यांना खिडकी असते, पण खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली. म्हणजे समुद्राचे पैसे भरून होडीची पाठ बघत बसायचं. काही खोल्यांना शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असतं. कुलूप असलं तरी पलीकडची खोकल्याची उबळ इकडे येते. तिसरा-चौथा माणूस असेल तर त्याचा पलंग छतातून खाली येतो, आपल्या साइड अप्परसारखा. भिंती बहुतेक पत्र्याच्या असतात, त्यामुळे फ्रिजवरची लोहचुंबकं घेऊन जावी आणि कागदपत्रं भिंतीला चिकटवावी, असंही एकाने सांगितलं. हिने फ्रिजवरचा गणपती काढून बॅगेत टाकलासुद्धा. बुकिंग अजून व्हायचं होतं.

आणि बोट लागू नये म्हणून खोली मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घ्यावी. हे मात्र मला कोणी शिकवायला नको. लाल डब्याच्या शेवटच्या सीटवर बसून ज्याने आंबा घाट उतरलाय त्याला वाहनाचा मध्य म्हणजे काय ते कळतं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आम्ही बोटीनेच विजयदुर्गला जायचो. तेव्हा केबिनचा नकाशा वगैरे काही नव्हता. डेकवर वडील धावत पुढे जाऊन सतरंजी टाकायचे, चार कोपऱ्यांवर ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि मी. झाली केबिन. शेजारच्या कुटुंबाची सतरंजी आमच्यावर चार बोटं चढली की आई नुसती बघायची. रात्री सगळेच लिंबू हुंगत पडायचे आणि हद्दींचा प्रश्न आपोआप मिटायचा.

तर माप. क्षेत्रफळ सगळे सांगतात, लांबी-रुंदी कोणी सांगत नाही. फोटो बघावा तर तो काढणारा बाथरूमच्या भिंतीत पाठ घुसवून काढतो की काय, खोली दिवाणखान्यासारखी दिसते. शेवटी नकाशातल्या पलंगावरून मी ताळा जमवला: सतरा फूट बाय साडेनऊ. १६० च्या थोडं वर. आकडा डोक्यात होता, डोळ्यांपुढे येत नव्हता. मुलगा गाडी घेऊन गेला होता, आमचा पार्किंगचा स्लॉट रिकामा होता. रविवारी सकाळी सातला मी टेप आणि खडू घेऊन खाली उतरलो.

आमचा स्लॉट अडीच मीटर बाय साडेपाच मीटर. म्हणजे १४८ चौरस फूट. दोन माणसांनी सुट्टी घालवायची जागा आणि एक गाडी उभी करायची जागा यांत फरक किती, तर एका सतरंजीचा. लांबीत केबिन बसली, रुंदीत बसेना. बाहेरची रेघ शेजारच्या स्लॉटमध्ये शिरून तिथल्या गाडीच्या मागच्या टायरला टेकली. म्हटलं, खडूच आहे, कोण बघतंय?

कमोडचा गोल काढत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "हे काय चाललंय?"

५०३. आमच्या सोसायटीत माणसांना नावं नाहीत, फ्लॅट नंबर आहेत. ५०३ नगर भूमापनात हयात घालवून निवृत्त झालेत. अंगात बनियन, खाली लेंगा, हातात दुधाची पिशवी.

"केबिन आखतोय."

"कसली?"

"जहाजाची."

त्यांनी पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. "जहाज इथे येणार?"

"नाही हो, आम्ही जाणार. जागा किती मिळते ते बघतोय."

"बघा की. पण तुमच्या जागेत बघा. तुमचं बाथरूम माझ्यात आलंय."

"सव्वा फूट आलंय फक्त."

ते वाकले, वीत लावली. "एक फूट चार इंच. सव्वा फूट म्हणजे तीन इंच. एका इंचावरून तीन पिढ्या कोर्टात चपला झिजवताना बघितल्यात मी." मग खडूच्या रेघेवरून चालत पुढे गेले. "आणि हे काय?"

"उशी."

"कुणाची?"

"हिची."

"म्हणजे," आणि हे ते अशा आवाजात म्हणाले की बी विंगची कबुतरं उडाली, "तुमच्या मिसेसची उशी माझ्या हद्दीत!"

दोन खिडक्या उघडल्या. १०२ च्या आजी तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांची धार थांबली.

मी घाईघाईने म्हटलं, "पुसतो. अलीकडे घेतो."

"हात लावू नका! नकाशा बिघडेल. पट्टा द्या इकडे."

झालं. चाळीस वर्षांची नोकरी त्यांच्या अंगात आली. दूध वॉचमनकडे देऊन वर पाठवलं. कायम खूण कुठली धरलीत म्हणून विचारलं. मी खांब म्हटलं. खांबच तिरका आहे, बिल्डरला तेव्हाच सांगितलं होतं, म्हणाले. टेपचं एक टोक मला धरायला लावून माझं सगळं जहाज त्यांनी नव्याने मोजलं. दार आत उघडतं हे ऐकून मान हलवली: "कपाटाला आपटणार." बाथरूमच्या दाराशी पाणी अडवायला उंबरा असतो म्हटल्यावर आणखी मान हलवली: "रात्री तुम्ही पडणार."

मग म्हणाले, "झोपा."

"काय?"

"पलंगावर झोपा. कागदावर काही कळत नसतं. जागेवर कळतं."

मी झोपलो. आता तुम्ही विचाराल का झोपलो. मी आठ दिवस तेच विचारतोय. पाठीखाली ऑइलचा जुना डाग, वर पाइपला गुंडाळलेलं गोणपाट, आणि ५०३ पायथ्याशी उभे. "आता मी तुमच्या मिसेस," ते म्हणाले. "रात्रीचे तीन वाजलेत, मला बाथरूमला जायचंय. पाय घ्या." पलंग आणि समोरचं टेबल यांच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून ते लेंगा सावरत, पोट आत घेऊन आडवे आडवे सरकले. "बघा! तुमच्या गुडघ्याला लागलो. जहाज हललं असतं तर अंगावर पडलो असतो." परत आले. परत गेले. तिसऱ्या फेरीला ही गॅलरीत आली. हिने काय पाहिलं असेल याची कल्पना करून मी डोळे मिटून घेतले.

तेच चुकलं. ४०१ च्या मुलाने वरून फोटो काढला तो नेमका त्या क्षणाचा. अकरा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर पडला: जमिनीवर खडूची आखणी, आत मी, डोळे मिटलेला, आणि शेजारी ५०३ टेप घेऊन उभे. खाली १०२ च्या आजींचं पहिलं उत्तर, दोन हात जोडून: 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली आणखी सतरा जणांनी हात जोडले. दुपारी एक जण पांढरा शर्ट घालून दारात आले. मीच दार उघडलं. ते चिडले.

इथपर्यंत मीसुद्धा हसलो असतो. पण संध्याकाळी समितीकडे लेखी तक्रार गेली: पार्किंगचा गैरवापर व शेजारील स्लॉटमध्ये अतिक्रमण, क्षेत्र इतके इतके, सोबत नकाशा जोडला आहे. नकाशा प्रमाणात काढलेला, उत्तर दिशेचा बाण घातलेला. खाली सही ५०३ ची. ज्या माणसाने तासभर माझ्या पलंगाभोवती फेऱ्या मारल्या, त्याची! विचारलं तर म्हणाले, "मदत वेगळी, हद्द वेगळी."

आणि समितीने दंड लावला. आमच्या समितीतल्या एका सभासदाची दुसरी गाडी वर्षभर आगीच्या बंबाच्या वाटेवर तिरकी उभी असते. तिच्यावर धूळ साचलीय, त्या धुळीत पोरांनी बोटाने बदाम काढलाय, तिला दंड नाही. खडूला दंड. खडू पाण्याने जातो हो. गाडी जात नाही.

हिला मी रात्री म्हटलं, १६० फूट म्हणजे आमची नायगावची खोली. बीडीडी चाळ, १९२० च्या दशकातली, खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात आम्ही नऊ जण वाढलो, वर गणपतीत पाहुणे. मोरी आत, संडास बाहेर. त्याच चाळींच्या जागी आता ५०० फुटांची घरं मिळतायत, आणि मी पदरचे पैसे मोजून परत १६० मध्ये चाललोय. तेही दर माणशी! मुंबईत जागेचा भाव फुटावर असतो, इथे डोक्यावर आहे; वर बंदराचे आकार, कर, बक्षिशी वेगळी. वडिलांना त्या खोलीचं भाडं द्यायला कधी त्रास वाटला नसेल तेवढा मला तो आकडा वाचून झाला. ही म्हणाली, "नायगावला संडास बाहेर होता. इथे आत आहे." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचा अर्धा ५०३ कडे आहे, तो सोडून द्या."

परवा हिनेच फोन करून बुकिंग उरकलं. 'गॅरंटी' नावाचा प्रकार असतो. त्यात खोली नक्की मिळते. कुठली, कुठल्या मजल्यावर, तलावाखाली की इंजिनावर, ते कंपनी ठरवणार आणि निघायच्या आधी सवडीने कळवणार. दोघांत मिळून आठ हजार वाचले. माझे डेक प्लॅन तिने रद्दीत घातले.

काल लिफ्टमध्ये ५०३ भेटले. पाऊस नाही, त्यामुळे खाली पलंग अजून तसाच आहे आणि त्यांच्या गाडीचं मागचं चाक माझ्या शॉवरमध्ये उभं असतं. आम्ही दोघं आकड्यांकडे बघत उभे राहिलो. तिसऱ्या मजल्याला ते म्हणाले, "मग, खोली कुठली घेतलीत?"

मी गॅरंटीचं सांगितलं. पाचवा आला. ते बाहेर पडले, लिफ्टची जाळी धरून वळले आणि खरोखर कळवळून म्हणाले, "अहो, मग ते पाचशे रुपये कशाला घालवलेत?"