टाकीवर बघा

परवा उजळाईवाडीच्या पुढे नव्या गाडीच्या मागच्या चाकातली हवा गेली. हायवेवर खिळे कोण टाकतं आणि पंक्चरचं दुकान नेमकं हाकेच्या अंतरावर कसं सापडतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. गाडी ढकलत दुकानापर्यंत पोचलो. दुकानातलं पोरगं एका ट्रकच्या चाकाशी झटत होतं, त्यामुळे थांबणं आलं. खरा ताप तिथे सुरू झाला.

बाकड्यावर एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या बुलेटमध्ये हवा भरून झाली होती, पण उठायचं नाव नव्हतं. कागदोपत्री ती क्लासिक होती, पण कोल्हापुरात रॉयल एनफिल्डच्या सगळ्याच गाड्या बुलेट असतात. नंबरप्लेटवरचे 4141 असे काही वळवून लिहिले होते, की वाचणाऱ्यानं 'दादा'च वाचावं. तेव्हा आपणही दादाच म्हणू.

"काय पाव्हणं, नवी?"

"हो."

"स्प्लेंडर?" हा शब्द त्यांनी सांत्वनाच्या सुरात उच्चारला. मग जरा वाकून, आवाज खाली आणून, "पैशे कमी पडले काय?"

पैसे कमी पडले नव्हते. कळंब्याहून गोकुळ शिरगावला रोज जाऊन-येऊन करायचं, पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालायचं, उंची सव्वापाच फूट, डावा गुडघा दुखरा आणि गाडी अधूनमधून बायकोही चालवणार. एवढा हिशोब करून मी गाडी घेतली आणि मला ती आवडते. हे सगळं मी एका अनोळखी माणसाला का सांगत बसलो, ठाऊक नाही. पंक्चरच्या दुकानात माणूस हळवा होतो.

दादांनी प्रत्येक अडचणीवर तोडगा काढला. उंची? "जाड सोलचे बूट घाला." तेवढ्यानं भागलं नाही तर? "सीट कापून घ्या की! उद्यमनगरात आपला माणूस हाय, फोम काढून दोन इंच खाली घेतोय." पेट्रोल? "लिटरला पस्तीस देती. आन् किती पायजे?" मला साठ पाहिजे होते आणि मिळतातही, पण ते बोलायची सोय नव्हती. बायको? "वहिनींना स्कूटी घ्या." गुडघ्यावर उद्यमनगरात इलाज नव्हता, म्हणून तो विषय त्यांनी सोडून दिला.

एकूण काय, बूट माझे बदलायचे, सीट माझ्या पैशानं कापायची, घरात आणखी एक गाडी आणायची आणि गुडघा ज्याचा त्यानं बघायचा. गाडी मात्र आहे तशीच, अढळ.

"न्हाई म्हणजे, बसून तरी बघितलासा काय कधी?"

मी नको म्हणालो. तोवर चहाची किटली घेऊन एक जण आला होता, ट्रकचा क्लीनर टायरवर टेकला होता. "बसा की ओ," असं तिघांनी मिळून म्हटल्यावर आपल्याकडे नाही म्हणायची पद्धत नाही. बसलो.

आता जरा आकडे. ती गाडी 195 किलोंची, सीटची उंची 805 मिलिमीटर. माझी 112 किलोंची, सीट 785. कागदावर फरक वीस मिलिमीटरचा, म्हणजे नखाएवढा. पण त्या सीटचा घेर असा की मांड्या फाकतात आणि पाय आणखी आखूड होतात, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. माझ्या डाव्या पायाच्या, तोच तो दुखरा, बुटाचं टोक खडीला लागत होतं. उजवा पाय हवेत काहीतरी शोधत होता. गाडी साइड स्टँडवर होती म्हणून अब्रू झाकलेली होती.

"आता स्टँडवरनं सरळ घ्या!" दादा म्हणाले.

घेतली. म्हणजे घ्यायला गेलो. हँडल उजवीकडे झुकलं, बुटाखालची खडी सरकली आणि पंक्चरवाल्या पोरानं काळ्या हातांनी मागून सीट धरली म्हणून दोघेही वाचलो, मी आणि 4141.

"बसतंय की!" दादा प्रसन्न होऊन म्हणाले. "सवय हुती हो." क्लीनर हसत होता. चहावाल्यानं मला न विचारता चहा दिला; तो बहुधा दयेपोटी.

इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, दादा, तुमच्या आजोबांच्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला होते आणि ब्रेक डाव्या पायाला. पुढं कंपनीनं इंजिनच नवं आणलं, गिअर डावीकडे नेले. त्या जुन्या बिडाच्या इंजिनातलं यात काय उरलंय?

दादा शांतपणे उठले, टाकीवरच्या कंपनीच्या नावावरून हात फिरवला आणि म्हणाले, "इंजिनात काय बघतासा? टाकीवर बघा."

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. कारण हे एकट्या दादांचं नाही. माझा मामा आजही "घ्यायची तर हिरो होंडाच" म्हणतो. हिरो आणि होंडा 2010 मध्ये वेगळे झाले, पण मामाला कुणी कळवलं नाही. शेजारच्या काकांनी बजाजच्या चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली. 2009 मध्ये कंपनीनं स्कूटर बनवणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा काकांना कोण विचारायला आलं होतं? आता चेतक विजेवर परत आली, तर काका पहिल्या दिवशी शोरूमच्या दारात. यामाहाच्या आरएक्स हंड्रेडवाल्यांची तर गोष्टच सोडा. ती 1996 मध्ये बंद झाली, त्यानंतर जन्मलेली पोरं तिच्यासाठी भावाभावांत भांडतात.

भांडोत बापडी. माझी तक्रार वेगळी आहे. चप्पल घेताना दुकानदार पायाचा नंबर विचारतो. लाखाची गाडी घेताना एकाही शोरूममध्ये मला कुणी उंची विचारली नाही. "डाउन पेमेंट किती करणार?" हे मात्र सगळ्यांनी विचारलं. आणि घेतल्यावर ऑफिस, सोसायटी, सासुरवाडी, पंक्चरचं दुकान, सगळीकडे प्रश्न एकच, 'हीच का?' हप्ता मी भरणार, पावसात कळंब्याच्या खड्ड्यांतून पाय टेकत मी जाणार, आणि खुलासाही मीच द्यायचा.

एवढ्यात पोरगं मोकळं झालं. टायरवर साबणाचं पाणी ओतलं, बुडबुडे आले तिथून पकडीनं खिळा उपसला, टोच्यानं स्ट्रिप आत दाबली, वर आलेलं टोक ब्लेडनं कापलं. पाच मिनिटांचं काम. मी शंभराची नोट काढली.

"ए," दादा बाकड्यावरून म्हणाले, "पाव्हण्यांकडनं वीस कमी घे. स्प्लेंडर हाय."

आणि त्या पोरानं खरंच वीस रुपये परत दिले. मी ते घेतले, याचा जास्त राग येतोय.