भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण : एक खुलासा

'भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण १९९४ साली दिल्लीत झाले' हे विधान सध्या पुन्हा फिरू लागले आहे. त्यात 'पहिले यशस्वी' यातला 'यशस्वी' हा शब्द गळून पडला आहे. ३ ऑगस्ट १९९४ रोजी एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलेले प्रत्यारोपण यशस्वी ठरले, यात वाद नाही. मात्र त्याच्या सव्वीस वर्षे आधी, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले होते. केपटाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलेल्या जगातील पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते आणि जगभरातल्या क्रमात सेन यांची शस्त्रक्रिया सहावी होती.

रुग्ण काही तासांतच दगावला, हे खरे. परंतु त्यावरून तो प्रयत्न देखाव्यासाठी होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यामागे कुत्र्यांवरील प्रत्यारोपणाचे प्रयोग होते. सापाच्या हृदयात स्नायूला कप्प्यातूनच थेट रक्त मिळते, या निरीक्षणावरून माणसाच्या हृदयस्नायूला सूक्ष्म छिद्रे पाडण्याची कल्पनाही सेन यांनी १९६५ मध्ये मांडली होती. शिवाय तेव्हाची परिस्थितीही प्रतिकूल होती : मेंदूमृत्यूला (हृदय धडधडत असतानाच मेंदू कायमचा निकामी होण्याला) कायदेशीर मान्यता देणारा कायदा आपल्याकडे १९९४ मध्येच झाला, आणि सायक्लोस्पोरिन हे परक्या अवयवाला शरीराकडून होणारा नकार रोखणारे औषध १९६८ मध्ये उपलब्धच नव्हते.