जर्शीची गाय

गेल्या नोव्हेंबरात आमच्या इंग्लंडातल्या, लेस्टरच्या घराचा माळा आवरायला काढला आणि एका खोक्यातून व्हिडिओ कॅसेट निघाली. तिच्यावर नवऱ्याच्या अक्षरात, लाल शाईनं, मराठीत लिहिलेलं : 'बर्जरॅक. पुसू नये.' खाली दोन रेघा. ही सूचना ज्यानं लिहिली त्यानंच ती कॅसेट पुसली होती, हा विषय आमच्या संसारात १९८७ पासून अधूनमधून निघतो. मीच काढते.

बर्जरॅक ही बीबीसीची डिटेक्टिव्ह मालिका, १९८१ ते १९९१. जर्सी नावाच्या बेटावर घडते. बेट ब्रिटिश राजमुकुटाचं, पण फ्रान्सचा किनारा तिथून जेमतेम बावीस किलोमीटर. आम्ही १९८४ साली इथं आलो तेव्हा बाहेर कायम पाऊस आणि टीव्हीत मात्र जर्सीचं ऊन. त्या उन्हासाठीच मी ही मालिका बघायला लागले. खून वगैरे नंतर.

मालिकेतला जिम बर्जरॅक पोलीस सार्जंट. त्याचं खातं 'ब्यूरो देज एत्रांजे', म्हणजे परक्या लोकांच्या भानगडी बघणारं. असं खातं खऱ्या जर्सीत नाही, मालिकेपुरतं रचलेलं आहे. पण तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक! आमच्या पासपोर्टवरच्या शिक्क्याची शाई पुरती वाळली नव्हती. नवरा पहिल्याच भागात ताठ बसून म्हणाला, "इथं सुट्टीला जायचं नाही. आपल्यासाठी वेगळे पोलीस ठेवलेत." अजून गेलेलो नाही.

तर १९८७. सासूबाई कराडहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. घरी दोन जर्सी गाई, म्हणजे अर्ध्या जर्सी, अर्ध्या गावरान. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण मालिकेचं गाव जर्सी आहे हे मी सांगितलं आणि त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या. कुठल्याही शेतकरी घरात 'जर्शी' म्हणजे एकच गोष्ट. बेटाच्या नावाची गाय असते हे त्यांना माहीत नव्हतं. गाईच्या नावाचं बेट आहे, एवढं त्यांनी धरलं. मग दर भागात गाईची वाट. बोटी आल्या, बंगले आले, दागिने चोरीला गेले, माणसं कड्यावरून पडली.

"येवढं जर्शीचं बेट," त्या म्हणायच्या, "आन् येक गाय दाखवंनात मेले."

दुसरी त्यांची अडचण चार्ली हंगरफर्ड. हा बर्जरॅकच्या घटस्फोटित बायकोचा बाप. बडा पैसेवाला, तोंडात सिगार, आणि जवळजवळ प्रत्येक भागात हजर. बेटावर कुठलाही लफडेबाज माणूस उतरला की तो आधी चार्लीच्या पार्टीत दिसणार. जर्सीत प्राप्तिकर वीस टक्के, त्यामुळे इंग्लंडातले श्रीमंत तिथं येऊन राहायचे, म्हणून पार्ट्यांना तोटा नाही. सासूबाईंना प्राप्तिकराचं काही नव्हतं. "काडीमोड झाला न्हवं? मग ह्यो जावयाला जेवायला का बोलावतोय अजून?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही आणि आताही येत नाही.

त्या वर्षीच्या सुरुवातीला टेप करून ठेवलेला एक भाग आम्ही सासूसुना पुरवून पुरवून बघत होतो. शेवटची दहा मिनिटं शुक्रवारसाठी राखून ठेवली होती, पोळ्या उरकून निवांत बघायची म्हणून. आणि गुरुवारी, ५ नोव्हेंबरला, वानखेडेवर भारत-इंग्लंड वर्ल्ड कपची सेमीफायनल. नवरा भूलतज्ज्ञ, त्याची ड्यूटी. जाताना घाईघाईत समोर दिसेल त्या कॅसेटवर टायमर लावून गेला.

शुक्रवारी आम्ही बसलो. बर्जरॅक बंदरावरच्या एका खोलीपाशी आला. दार ढकललं. आत कोण आहे ते बघून त्याच्या भुवया वर गेल्या. आणि पुढच्या क्षणी पडद्यावर ग्रॅहम गूच, स्वीप मारताना.

सासूबाई पुढं वाकल्या. "ह्योच का गं खुनी? मिशीवाला?"

भारतीय फिरकीपुरतं ते खरंच होतं. गूचनं त्या दिवशी स्वीप मारमारून ११५ केल्या आणि आपण ३५ धावांनी हरलो. ज्या मॅचपायी खुनी हातचा घालवला ती मॅचही गेली.

तेव्हापासून तो खुनी मोकळा आहे. सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कॅसेट हातात आल्यावर मी म्हटलं, आता इंटरनेटवर सगळं मिळतं, एकदाचा निकाल लावू. अडचण अशी की भाग कुठला ते आठवेना. मी नवऱ्याला विचारलं, तुम्हाला काय आठवतंय? तो डोळे मिटून म्हणाला, "एक बोट होती. सोनेरी केसांची बाई होती. आणि एक श्रीमंत माणूस हातात ग्लास घेऊन खोटं बोलत होता."

हे सगळे सत्त्याऐंशी भाग झाले.

म्हणजे पहिल्यापासून बघणं आलं. पन्नास मिनिटांचा एक भाग धरा, सत्त्याऐंशीचे बहात्तर तास होतात, आणि खास भाग लांबीचे असतात ते वेगळेच. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, २०२५ मध्ये नवीन बर्जरॅक आलाय, सहाच भागांत एकच गोष्ट, तो बघा ना." नव्यात चार्लीची बाई केली आहे म्हणे, सासऱ्याच्या जागी सासू. मी म्हटलं, जुन्या सासऱ्याचाच हिशेब अजून पुरा व्हायचाय.

जुने भाग एका फुकट अ‍ॅपवर मिळाले. फुकट म्हणजे जाहिराती बघायच्या, आणि त्या पुढं ढकलता येत नाहीत. या वयाच्या मालिका कोण बघतं याचा अ‍ॅपवाल्यांनी नीट विचार केलेला दिसतो. खून झाला, प्रेत वाळूत सापडलं की लगेच अंत्यसंस्काराच्या योजनेची जाहिरात. आत्ताच पैसे भरून ठेवा, मुलांवर भार नको. मग जिन्यावरून बसून वर जायच्या खुर्चीची. मग परत अंत्यसंस्कार, या वेळी सोबत पेन भेट. मूळ मालिका बीबीसीची, तेव्हा जाहिराती नव्हत्याच. आमच्या तरुणपणी माणसं नुसती मरायची, त्यांची सोय कोणी विचारत नव्हतं.

सुरुवातीची धून लागली तेव्हा मात्र दोघंही गप्प झालो. अ‍ॅकॉर्डियन, मागं रेगेचा ठेका, आणि तांबड्या गाडीतून समुद्राकडं जाणारा रस्ता. ही धून जॉर्ज फेंटनची. 'गांधी' चित्रपटाच्या संगीतासाठी पंडित रविशंकरांबरोबर ऑस्करचं नामांकन मिळालं तोच हा. हे नवऱ्यानं फोनवर वाचून सांगितलं, आणि इथूनच आमचा खरा छळ सुरू झाला.

कारण फोन हातात आला. आता कुठलाही नट पडद्यावर आला की नवरा मालिका थांबवतो. "हा आहे का गेला?"

"अहो, तो आत्ता खुनाची कबुली देतोय."

"थांब गं." चष्मा वर, फोन नाकाशी. "गेला. अरेरे."

चार्लीचं काम करणारा टेरेन्स अलेक्झांडर २००९ मध्ये गेला, हे कळल्यावर नवरा खरोखर दोन दिवस उदास होता. मग चार्ली हसत दारात उभा राहिला की हा पुटपुटायचा, "बघ, काही कल्पना नाही बिचाऱ्याला." बर्जरॅकचा साहेब बार्नी क्रोझियर, म्हणजे शॉन अर्नल्ड, २०२० मध्ये. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आमच्या दिवाणखान्यात सुतकच होतं. खुनी कोण हा प्रश्न मागं पडला. कथेत कोण मेलं त्याचं काहीच वाटेना, कथेबाहेर कोण उरलंय तेवढंच बघायचं. स्वतः बर्जरॅक झालेला जॉन नेटल्स १९४३ चा. त्याचं नाव फोनमध्ये टाकायचं नाही असं आमचं ठरलंय. न बोलता ठरलंय.

फोन हाती नसेल तेव्हा नवरा झोपतो. आयुष्यभर लोकांना 'दहापासून उलटे आकडे मोजा' म्हणून झोपवलेला माणूस विसाव्या मिनिटाला स्वतः घोरतो, आणि शेवटी दचकून उठून विचारतो, "कोण निघाला?" मी सांगते. तो म्हणतो, "मला वाटलंच होतं."

आता पुन्हा बघताना मालिकेतल्या काही गोष्टी पटत नाहीत. बेट केवढं, तर लांबी चौदा किलोमीटर, रुंदी आठ. मोठ्यात मोठी वेगमर्यादा ताशी चाळीस मैल, तीही सगळीकडे नाही. अशा जागी चोर गाडी घेऊन पळतो कुठं? पाठलाग जरा रंगात आला की समोर समुद्र. शिवाय बर्जरॅकची गाडी १९४७ ची ट्रायम्फ रोडस्टर. देखणी, पण अरुंद गल्लीत वळताना लग्नाच्या वरातीतल्या घोड्यासारखी वागते. समोरच्यानं मनापासून पळायचं ठरवलं तर ती कुणालाही पकडणार नाही. माणसं तिला मान देऊन थांबतात असं माझं मत आहे.

तिची एक गंमत मला तेव्हा कळली नव्हती. मागचं झाकण उघडलं की आतून दोन बसायच्या जागा निघतात. तिला म्हणतात डिकी सीट. आपण गाडीत मागं जिथं सुटकेस, आंब्याची पेटी आणि ओल्या छत्र्या कोंबतो ती डिकी इथूनच आली. एवढी वर्षं मी आंब्याच्या पेटीला साहेबांच्या जागी बसवत होते.

आणि भरती-ओहोटी. जर्सीला ती अचाट आहे, बारा मीटरपर्यंत फरक पडतो. ओहोटीला खडक आणि वाळू इतकी उघडी पडते की बेट कितीतरी मोठं होतं. त्यामुळे लेखकांना प्रेत कुठं टाकायचं याची कधी चिंता नव्हती. सकाळी समुद्र आपण होऊन मागं सरकून दाखवतो.

खरी गंमत नवऱ्यानं शोधून काढली, रिमोटच्या भांडणात. जर्सीत जुना नॉर्मन कायदा अजून चालतो. आपल्या मालमत्तेला कोणी अन्यायानं हात घालत असेल तर तिथंच गुडघ्यावर बसायचं, साक्षीदारांसमोर 'हारो! हारो! हारो!' असं ओरडून राजपुत्राला मदतीला बोलवायचं, की समोरच्यानं न्यायालयाचा निकाल येईपर्यंत हात आवरायचा. नवऱ्यानं रिमोट उशीखाली धरून मला हे वाचून दाखवलं आणि म्हणाला, "हारो." मी म्हटलं, गुडघ्यावर बसा. त्याचा डावा गुडघा बदललेला, माझे दोन्ही यादीत. रिमोट माझ्याकडं आला.

गाईचं मात्र मी मुद्दाम शोधलं. १७८९ पासून बेटावर बाहेरची गुरं आणायला बंदी होती, जात शुद्ध राहावी म्हणून. माणसांसाठी ब्यूरो, गुरांसाठी सरळ दार बंद. आणि तीच सोवळी जात पुढं कराडच्या गोठ्यात गावरान गाईच्या घरात नांदली. सासूबाईंना हे सांगायला हवं होतं. त्यांनी बेटावर विहीणपण गाजवलं असतं.

चाळिसाव्या भागानंतर केव्हातरी, एका मंगळवारी, तो भाग आला. कसा ओळखला, तर बंदरावरची खोली. तेच निळं दार, तोच दोरखंडाचा ढीग. मी नवऱ्याला कोपरानं ढोसून उठवलं. फोन काढून घेतला. चहा खाली ठेवला. अडतीस वर्षं.

बर्जरॅक खोलीकडं निघाला. वाटेत दगडी कुंपणाशेजारून एक वळण. आणि कुंपणापलीकडं, अगदी कोपऱ्यात, काहीतरी तपकिरी हललं.

"गाय!" मी ओरडले.

"फाटक आहे ते."

"फाटकाला कान असतात का?"

"अगं, वारा आहे, फाटक हलतंय."

"शेपटी दिसली मला! आईंची गाय ती!"

"माझ्या आईची गाय मी ओळखणार नाही का?" नवरा उठून टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, बोट काचेवर ठेवून. "इथं बिजागरी असणार, बघ, इथं..."

त्याच्या पाठीमागून दार ढकलल्याचा आवाज आला. कोणीतरी काहीतरी कबूल केलं. तो बाजूला झाला तोवर पडद्यावर पांढऱ्या केसांचं एक आनंदी जोडपं बागेत बसून अंत्यसंस्काराचे हप्ते समजावून घेत होतं.

मी मागं ढकललं. मागं ढकललं की जाहिराती पहिल्यापासून लागतात. खाली लिहून आलं, चारपैकी एक.

नवरा खुर्चीत बसला. "पेन देतात म्हणे," तो म्हणाला, आणि तिसऱ्या जाहिरातीपर्यंत घोरायला लागला.