11,500 कोटी आले, मग गावचा रस्ता का होत नाही?

जुलै 2021 च्या अतिवृष्टीत रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले कितीतरी रस्ते दरडींखाली गेले किंवा खचले. तेव्हापासून एक युक्तिवाद हातोहात पुढे जातो. सरकारने पूरग्रस्तांसाठी 11,500 कोटी दिले, महाडजवळ सावित्री नदीवरचा कोसळलेला पूल 165 दिवसांत पुन्हा उभा राहिला, आपण कर भरतो, ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, आणि तरीही जिल्हा परिषद ‘निधी नाही’ म्हणते, म्हणजे तो खाल्ला गेला. यातला संताप रास्त आहे, पण हिशेब चुकलेला आहे.

राज्य मंत्रिमंडळाने 3 ऑगस्ट 2021 रोजी 11,500 कोटींचे पॅकेज मंजूर केले, हे खरे. मात्र त्यातले 1,500 कोटी तातडीच्या मदतीसाठी, 3,000 कोटी पुनर्बांधणीसाठी आणि तब्बल 7,000 कोटी पुढील आपत्ती टाळण्याच्या दीर्घकालीन कामांसाठी होते. पुनर्बांधणीची रक्कमही कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या सगळ्या पूरग्रस्त जिल्ह्यांची मिळून होती. एकूण आकडा एकट्या जिल्हा परिषदेच्या तिजोरीत मोजणे, हीच पहिली गफलत.

सावित्रीच्या पुलाचा दाखला तर मुळातच गैरलागू आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री कोसळलेला तो पूल मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावरचा होता. नवा पूल केंद्राच्या पैशाने झाला आणि 5 जून 2017 रोजी खुला झाला. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. जिल्हा परिषदेच्या वाट्याला येतात ते इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, म्हणजे लांबीने सर्वाधिक आणि निधीच्या रांगेत सर्वांत मागे असलेले रस्ते.

कराचा मुद्दा अधिक नीट पाहायला हवा, कारण खरी मेख तिथेच आहे. वाहनकर राज्याकडे जातो आणि इंधनावरचे कर केंद्र व राज्य घेतात. त्यातला ठरावीक हिस्सा गावच्या रस्त्यासाठी आपोआप परिषदेकडे येत नाही. तिचे स्वतःचे उत्पन्न, ज्याला कार्यालयात सेस फंड म्हणतात, ते मुख्यतः जमीन महसुलावरचा उपकर आणि जमिनीच्या व्यवहारांवरील मुद्रांक शुल्कातला वाटा यांवर चालते. त्यातूनही 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात, आणि ते योग्यच आहे. शिवाय 2016 मध्ये पनवेल महानगरपालिका झाल्यावर शहरालगतची, जमिनीला भाव असलेली गावे रायगड परिषदेच्या हद्दीबाहेर गेली.

‘आपत्ती निधी असतोच की’ असेही सांगितले जाते. असतो, पण तो पडझड तात्पुरती सावरण्यासाठी असतो. 2021 मध्ये लागू असलेल्या केंद्रीय निकषांनुसार ग्रामीण रस्त्याच्या दुरुस्तीला किलोमीटरमागे 60 हजार रुपये मिळत, आणि त्यात भगदाडे व खड्डे बुजवणे, मोरीची डागडुजी, वाहतूक सुरू करण्यापुरती खडी पसरणे अशीच कामे बसत. दरीकडे खचलेल्या वळणाला संरक्षक भिंत बांधायची, नव्या मोऱ्या टाकायच्या आणि वर डांबरीकरण करायचे, तर हा दर हास्यास्पद ठरतो. म्हणूनच दरड हटते, एसटी सुरू होते, छायाचित्रेही निघतात, आणि रस्ता पुढच्या पावसात पुन्हा तिथेच खचतो.

ग्रामपंचायतीच्या निधीबद्दल थोडक्यात: 2021-22 पासून पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. उरलेल्या 40 टक्क्यांत गावाच्या इतर सगळ्या गरजा भागवायच्या. त्यात घाटरस्ता बसत नाही.

याचा अर्थ जिल्हा परिषद निर्दोष आहे असा नाही. पावसाळ्यापूर्वी गटारे आणि मोऱ्या साफ ठेवणे तिच्या आवाक्यातले काम आहे, आणि ते न झाल्याने पाणी रस्त्याच्या पोटात शिरून भराव वाहून जातो. या बेपर्वाईला निधीटंचाईचे कारण देता येत नाही. मात्र कायमस्वरूपी दुरुस्तीचा पैसा प्रामुख्याने जिल्हा नियोजन समितीतून आणि राज्याच्या अर्थसंकल्पातल्या रस्ते-पुलांच्या लेखाशीर्षांतून (खर्चाच्या खात्यांतून), म्हणजे 3054 आणि 5054 मधून येतो. त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. पूरहानीच्या कोणत्या कामाला किती तरतूद मंजूर झाली आणि त्यातली किती प्रत्यक्ष वितरित झाली, याचा जाब प्रथम त्यांना विचारायला हवा.